आई व्हायलाच हवं, की आई अशीच हवी?

जेसमिन चॅनची 'द स्कूल फॉर गुड मदर्स' (२०२२) ही कादंबरी वाचतेय म्हटलं की हमखास विचारलं जातं, "म्हणजे 'द हँडमेड्स टेल'सारखीच ना?" दोन्हींत अमेरिका, दोन्हींत सरकार बाईच्या आईपणात हात घालतं, दोन्हींत लेक आईपासून तोडली जाते. तरी मला "हो" म्हणवत नाही.

'द हँडमेड्स टेल' या मार्गारेट ॲटवूडच्या कादंबरीत (१९८५) जन्मदर कोसळलाय, सत्ता धर्मांधांच्या हाती गेलीय आणि देशाचं नाव गिलियड झालंय. मूल होऊ शकणाऱ्या बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिल्या जातात. नायिकेला नावही त्या घरच्या पुरुषाचंच: ऑफ्रेड, म्हणजे फ्रेडची. (लग्नात नाव बदललेल्या आपल्या आज्या-आत्या इथे आठवतातच.) बाळंतपणात घरची बाई बाळंतिणीच्या मागे, उंच बैठकीवर बसते. बाळ बाहेर आलं की अंथरुणात झोपवतात ते तिला, आणि बाळही तिच्याच कुशीत देतात. जिने कळा सोसल्या, ती काही महिने अंगावर पाजते आणि पुढच्या घरी जाते. गिलियडला गर्भाशय हवंय. ही बाई आई म्हणून कशी आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि हे हवेतलं नाही. इतिहासात घडलं नाही असं काहीच घ्यायचं नाही, असा ॲटवूडचा नियम होता. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत कैदेतल्या बायकांची बाळं राजवटीच्या मर्जीतल्या घरांत गेली.

चॅनच्या कादंबरीत सक्ती आहे ती 'चांगली आई' असण्याची. फिलाडेल्फियातली फ्रिडा लिऊ नवऱ्यापासून वेगळी झालेली, झोपेविना थकलेली. एके दिवशी ती दीड वर्षाच्या हॅरिएटला घरात एकटं सोडून दोनेक तास बाहेर जाते. चूक खरी आहे आणि मोठीही आहे. पण शिक्षा काय, तर वर्षभर निवासी शाळा! तिथे सरावाला यंत्राची मुलगी मिळते. ती रडते, बिलगते आणि तिच्या डोळ्यांतले कॅमेरे आईला टिपत राहतात. मिठी किती सेकंदांची होती, आवाजात माया पुरेशी होती का, सगळं तपासलं जातं. मी वाईट आई आहे पण सुधारतेय, हे पुन्हा पुन्हा म्हणायचं. कमी पडलं की लेकीशी फोनवर बोलणं बंद. बापांचीही शाळा आहे, तिथले नियम मात्र बरेच सैल.

मला ही दुसरी कादंबरी जास्त अस्वस्थ करते. आपल्यावर अन्याय होतोय, हे ऑफ्रेडला पक्कं ठाऊक असतं. फ्रिडाला तेवढाही आधार नाही; तिने चूक केलेलीच आहे आणि जे चाललंय ते 'बाळाच्या भल्यासाठी'. हे शब्द आपण नात्यातल्या बाळंतिणींनाही ऐकवतो. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने ताब्यात घेतली. हाताने भरवणं, मुलाला आपल्याजवळ झोपवणं यांवरही बोट ठेवलं गेलं, असं पालकांचं म्हणणं होतं. ती बातमी मला ॲटवूडपेक्षा चॅनच्या जगातली वाटते.

त्या शाळेत फ्रिडाला आपल्या यंत्राच्या मुलीचा, इमॅन्युएलचा, खरोखर लळा लागतो. त्या लळ्याचंही मोजमाप होतं.