‘द सन मेकर्स’चा रोख कोणावर होता?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेतील ‘द सन मेकर्स’ (१९७७) ही कथा प्लूटोवरील मजुरांना पिळणाऱ्या ‘कंपनी’विरुद्धच्या उठावाची असल्याने ती भांडवलशाहीविरोधी जाहीरनामाच आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. लेखक रॉबर्ट होम्स यांचा रोख मात्र ब्रिटनच्या प्राप्तिकर खात्यावर होता, कारण त्या खात्याशी त्यांचे स्वतःचेच वाजले होते. वडिलांच्या मृत्यूवरचा कर भरता न आल्याने कथेतील कॉर्डो हा मजूर जीव द्यायला निघतो, एका मार्गिकेचे नाव नोकरी सुटताना मिळणाऱ्या करपत्रावरून ‘पी ४५’ आहे आणि खलनायक कलेक्टरच्या दाट भुवया तत्कालीन मजूर पक्षीय अर्थमंत्री डेनिस हीली यांची आठवण करून देतात. कमावत्या उत्पन्नावरील कराचा कमाल दर तेव्हा तब्बल ८३ टक्के होता! ‘कामगारांकडे गमावण्यासारख्या फक्त बेड्याच आहेत’ या मार्क्सच्या घोषणेची कथेत फिरकी घेतली आहे खरी, पण फिरकीला पक्षनिष्ठा समजणे फारच भाबडेपणाचे ठरेल.