बरगे आणि पाणी : प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कसे कळते?

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत कोल्हापुरात घरोघरी ऑक्सिमीटरचा आकडा पाहिला जात होता. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनने धरलेल्या प्राणवायूचा असतो. सुजलेल्या भागातील पेशीपर्यंत त्यातला किती पोचतो, हे त्यावरून कळत नाही.

पेशीच्या या जाणिवेचा धागा १९९२ मध्ये ग्रेग सेमेन्झा आणि गुआंग वांग यांना रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाजवळ सापडला. प्राणवायू कमी झाला की तिथे बसून जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाला त्यांनी एचआयएफ-१ हे नाव दिले. त्याचा अल्फा हा घटक पेशीत सतत तयार होतो, पण प्राणवायू असेपर्यंत काही विकरे (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) त्यावर खूण करतात आणि तो लगेच नष्ट केला जातो, हे २००१ मध्ये विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी दाखवले. सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असले की पाणी वाहून जाते आणि घातले की साठते. प्राणवायू कमी होणे म्हणजे इथे बरगे घालणे, एवढेच तोवर लक्षात आले होते. वरून येणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे अल्फाच्या निर्मितीकडे, फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

त्याआधीच, १९९९ मध्ये, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ या दाहाच्या, म्हणजे सुजेच्या, संदेशांनी यकृताच्या पेशींत एचआयएफ-१ ची क्रिया वाढते, असे दिसले होते. गंमत म्हणजे हेच संदेश एरिथ्रोपोएटिन मात्र घटवतात, आणि दीर्घकाळच्या दाहात रक्त कमी होण्याचे ते एक कारण आहे. २००३ मध्ये रँडल जॉन्सन यांच्या गटाने जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशींतील अल्फाचे जनुक काढलेले उंदीर अभ्यासले, तेव्हा त्या पेशींची ऊर्जा घटली आणि जिवाणू मारण्याची ताकदही ओसरली.

माझ्या मते निर्णायक काम २००८ चे. मायकेल कॅरिन यांच्या गटाने दाखवले, की प्रतिकारशक्तीचा जुना संदेशवाहक एनएफ-कप्पा-बी हाच अल्फाचे जनुक चालू ठेवतो आणि त्याला जागे करणारे आयकेके-बीटा हे विकर नसेल, तर प्राणवायू घटूनही अल्फा साठत नाही. नदीलाच पाणी नसेल तर बरगे घालून काय अडवणार? पुढे २०१३ मध्ये ल्यूक ओ'नील यांच्या गटाला जिवाणूंच्या विषाने चेतवलेल्या भक्षक पेशींत सक्सिनेट हा ऊर्जानिर्मितीतला पदार्थ साचताना आढळले; ते खूण करणाऱ्या विकरांना रोखते, म्हणजे प्राणवायू भरपूर असतानाही बरगे घातले जातात.