गाडी तुमच्याच हाती : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दोघांची सहल

चौकशीला येणारी बहुतेक जोडपी पहिला प्रश्न विचारतात, "किती ठिकाणं होतील?" आमचं उत्तर सहसा आवडत नाही : कमी. दक्षिण बेटावर बघायचं ते निम्मं रस्त्यातच असतं. सकाळी सातला निघून रात्री नऊला पोहोचायचं असेल, तर बसची ग्रुप टूर स्वस्त पडेल. आम्ही एका दिवसात साधारण 250 किलोमीटरच्या वर जात नाही आणि शक्य तिथे एका गावी दोन रात्री ठेवतो.

गाडी आणि रस्ता

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पाहुण्यांना चालतं. लर्निंग चालत नाही. भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. तुम्ही कायम गिअरची गाडी चालवत असाल, तर निघण्याआधी कुणाची तरी ऑटोमॅटिक मागून चार दिवस हात साफ करा. डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो.

शहराबाहेर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 100, पण रस्ता दोनच पदरी आणि वळणांचा. मर्यादा म्हणजे आग्रह नव्हे. मागे तीन-चार गाड्या साठल्या की जागा बघून डावीकडे घ्या आणि त्यांना जाऊ द्या. घाटाच्या वळणावर हॉर्न द्यायची आपली रीत तिकडे उर्मटपणा वाटते. बेदरकार गाडी दिसली की लोक *555 फिरवून पोलिसांना कळवतात, आणि पर्यटकांच्या गाड्यांवर त्यांचं जरा जास्तच लक्ष असतं.

एकपदरी पूल खूप आहेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर. लाल कडेची गोल पाटी असेल आणि तुमच्या दिशेचा बाण लहान, लाल असेल, तर थांबा. समोरच्याला आधी जाऊ द्या. निळी चौकोनी पाटी आणि तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण म्हणजे पहिला हक्क तुमचा. तरी पुलावर आधीच कुणी शिरलं असेल, तर थांबायचं तुम्हीच.

दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत. नाव नसलेल्याच्या हातून गाडी ठोकली तर विमा हात वर करतो. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन्स अशी जोडी काउंटरवर अडते. खडीचे काही रस्ते विम्याबाहेर असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियनचा रस्ता त्यातलाच. तिथे भाड्याची गाडी नेऊच नका.

आमचा नेहमीचा मार्ग

उतरल्या दिवशी गाडी घ्यायची नाही. भारतातून विमानं बदलत क्राइस्टचर्चला पोहोचेपर्यंत झोपेचं खोबरं झालेलं असतं. ती रात्र तिथेच काढा.

दुसऱ्या दिवशी आर्थर्स पास ओलांडून पश्चिम किनाऱ्याला. खिंड 920 मीटरवर आहे आणि पलीकडे रस्ता 440 मीटर लांबीच्या ओटिरा पुलावरून उतरतो. अलीकडे कोरडी कुरणं, पलीकडे ओलं, दाट रान. समुद्रावरचे ढग डोंगराला अडून सगळं पाणी पश्चिमेलाच टाकतात. सह्याद्री चढून गेलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. खिंडीच्या गावात किया नावाचे हिरवे डोंगरी पोपट गाडीच्या टपावर उतरतात आणि काचेभोवतीचं रबर सोलून काढतात. खाऊ घालू नका, काचा वर ठेवा.

किनाऱ्यावर होकिटिका आणि फ्रान्झ जोसेफ ही गावं. पुढे हास्टपासून वानाकापर्यंतच्या सुमारे 140 किलोमीटरमध्ये वस्ती नावालाच आहे, म्हणून हास्टला टाकी भरून घ्या. वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा रस्ता 1,000 मीटरच्या वर चढतो. वारा आणि बर्फ असेल तर क्रॉमवेलवरून फिरून जा, वेळ फार वाढत नाही.

मिलफर्ड साउंड म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेला समुद्राचा फाटा, तो बोटीतून बघायचा. त्यासाठी आम्ही 'ते आनाऊ' नावाच्या गावी मुक्काम देतो. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे 580 किलोमीटर, आणि परतताना चालवणाऱ्याचे डोळे मिटतात. ते आनाऊहून अंतर 120 किलोमीटरच्या आत आहे. वाटेत 1954 साली खुला झालेला होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा आणि उताराचा. पेट्रोल ते आनाऊलाच भरा. मिलफर्डला वर्षाकाठी जवळजवळ 7 मीटर पाऊस पडतो, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा, फक्त तो बारा महिने वाटून येतो. त्यामुळे "पाऊस असेल तर पैसे परत का?" याचं उत्तर नाही असंच आहे. उलट पावसातच कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटतात. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्यांसाठी मलम मात्र न विसरता घ्या. डासापेक्षा वाईट चावतात.

परतीला माउंट कुक आणि पुकाकी, टेकापो ही तळी. पुकाकीचं दुधाळ निळं पाणी खरंच तसं असतं. हिमनद्यांनी खडक घासून केलेली बारीक पूड त्यात तरंगते. टेकापोच्या आकाशात आपलं मृग नक्षत्र उलटं दिसतं. ध्रुव शोधू नका, तो क्षितिजाखाली असतो. दोन दिवस हाताशी असतील तर कायकोरा हे किनाऱ्यावरचं गाव जोडा. समुद्राखालची खोल दरी किनाऱ्याला इतकी लगटून आहे की स्पर्म व्हेल बघायला बोटीला फार लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर 2016 च्या भूकंपात इथला महामार्ग दरडींखाली गेला आणि वर्षभरानंतर, डिसेंबर 2017 मध्ये, पुन्हा सुरू झाला.

कधी जावं

मे महिन्याची सुट्टी तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर येते. पाचच्या सुमारास अंधार पडतो. तरी लोक मे मागतात. आमची पसंती दिवाळीनंतरच्या दिवसांना, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो आणि टेकापोकाठी जांभळे लुपिन फुललेले असतात. (तिथल्या निसर्गप्रेमींच्या लेखी ते तण आहे, फोटोवाल्यांच्या लेखी नाही.) फेब्रुवारी-मार्चही उत्तम. नाताळ ते जानेवारी टाळा, दर चढे असतात.

सामानात काय नको

विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहायची, अगदी बडीशेपेची पुडीसुद्धा. लिहिलेली वस्तू फार तर ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. मध चालत नाही. पेढे, बर्फी, ताजा कढीपत्ता, फळं घरीच ठेवा. ट्रेकचे बूट नेणार असाल तर तळव्याच्या खाचांतली राजगडची माती ब्रशने काढा, तेही तपासतात.

लहान गावांत जेवणाची स्वयंपाकघरं रात्री आठच्या सुमारास बंद होतात आणि शाकाहारी पर्याय बेताचे. म्हणून आम्ही शक्य तिथे शेगडी-भांडी असलेल्या मोटेलच्या खोल्या घेतो. तांदूळ, डाळ, भाजी सुपरमार्केटात मिळते.

आमचं काम, तुमचं काम

व्हिसाचा अर्ज, गाडी, मुक्काम आणि मिलफर्डची बोट आम्ही बघतो. दरड किंवा बर्फामुळे रस्ता बंद झाला तर मुक्काम बदलून देतो. फरकाची रक्कम तुमच्याकडे. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतोच, म्हणून निदान तीन महिने आधी या. येताना दोघांचे पासपोर्ट, लायसन्सच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट आणि नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र आणा. गाडी लागण्याचा त्रास कुणाला होत असेल तर तेही तेव्हाच सांगा, मुक्काम त्याप्रमाणे आखू.