सहा डायोड आणि दोन पत्रे

चारचाकीच्या अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं, मागचं झाकण उघडा. घोड्याच्या नालेसारखे वळलेले अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे दिसतील आणि प्रत्येकात बटणाएवढे निदान तीन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे) दाबून बसवलेले. तीन फेजच्या एसीचं डीसी करणारा थ्री फेज रेक्टिफायर म्हणतात तो हाच. भंगारात यापेक्षा स्वस्त मिळणं कठीण.

सिंगल फेजचा दाब (व्होल्टेज) सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथे मधल्या खाचा भरून काढायला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर लागतो. तीन फेजचं काम रहाटगाडग्यासारखं चालतं. एक गाडगं रिकामं व्हायच्या आत दुसरं ओतू लागतं. ५० हर्ट्‌झवर सेकंदाला ३०० हेलकावे येतात, पण दाब शिखराच्या ८७ टक्क्यांच्या आसपासच थांबतो, त्याखाली जात नाही. बॅटरी भरायला किंवा डीसी मोटर चालवायला एवढं पुरतं. कपॅसिटरचा खर्च वाचला. न्यूट्रलही लागत नाही.

खरी हुशारी मात्र पत्र्यांत आहे. एका पत्र्यातल्या डायोडांचं बूड कॅथोड (प्रवाह बाहेर पडतो ते टोक) असतं, दुसऱ्यातल्यांचं अ‍ॅनोड (प्रवाह आत शिरतो ते). त्यामुळे एक अख्खा पत्रा धन टोक होतो, दुसरा ऋण, आणि दोन्ही हीटसिंकचं, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडण्याचंही काम करतात. सहाही डायोड एकाच जातीचे आणले, तर दुसऱ्या बाजूच्या तिघांना एकमेकांपासून वेगळा ठेवलेला एकेक पत्रा द्यावा लागतो, म्हणजे दोनाऐवजी चार. नटबोल्टवाले डायोड घेताना नावाच्या शेवटी ‘आर’ असलेले तीन मागायचे ते यासाठी. ते उलटे असतात.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. कुठल्याही क्षणी दोन डायोडांतून प्रवाह जातो, प्रत्येकावर साधारण एक व्होल्ट खर्ची पडतो. ३० अँपिअरला ६० वॉट, म्हणजे जुन्या साध्या बल्बइतकी उष्णता. १४ व्होल्टच्या अल्टरनेटरला ही गळती चांगलीच बोचते, पण ४१५ व्होल्टवर ती किरकोळ ठरते. चंद्रपूर–पडघे या ५०० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीच्या दोन्ही टोकांना हीच सहाची मांडणी आहे, फक्त डायोडांच्या जागी थायरिस्टरच्या (इशारा मिळाल्यावरच सुरू होणाऱ्या डायोडांच्या) माळा.

डायोड सुटे नको असतील तर बाजारातले चौकोनी सिंगल फेज ब्रिज, म्हणजे चार डायोडांचे तयार ठोकळे, दोन घ्या. दोघांची धन टोकं एकत्र जोडा, ऋण टोकं एकत्र. एसीच्या चार पायांपैकी तीन वापरायचे, चौथा मोकळा.

आधी अल्टरनेटरवरच हात बसवा. ४१५ व्होल्टच्या लाईनवर हाच ब्रिज सरासरी ५६० व्होल्ट डीसी देतो. त्याला १२०० व्होल्टचे डायोड आणि प्रत्येक फेजला फ्यूज हवा. शिवाय कपॅसिटर लावलाच असेल, तर मेन स्विच पाडल्यावरही तो भरलेलाच राहतो. तो रिकामा व्हावा म्हणून त्यावर समांतर रेझिस्टर लावा आणि हात घालण्याआधी मल्टिमीटरने दाब उतरल्याची खात्री करा.