हवाई अतिदक्षता वाहतूक परीक्षेची तयारी

हवाई अतिदक्षता वाहतूक परीक्षेची तयारी : अत्यवस्थ रुग्णाला हेलिकॉप्टरने वा विमानाने नेताना त्याच्यासोबत जाणाऱ्या परिचारिका आणि पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी) यांची कसोटी घेणाऱ्या प्रमाणपत्र परीक्षांचा अभ्यास. अमेरिकेत अशा दोन परीक्षा प्रमुख आहेत. परिचारिकांसाठीची ‘सीएफआरएन’ ही परीक्षा ‘बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन फॉर इमर्जन्सी नर्सिंग’ ही संस्था १९९३ पासून घेते. पॅरामेडिकांसाठीची ‘एफपी-सी’ परीक्षा ‘इंटरनॅशनल बोर्ड ऑफ स्पेशल्टी सर्टिफिकेशन’कडे आहे. दोन्ही परीक्षा संगणकावर होतात, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि मिळालेले प्रमाणपत्र चार वर्षे टिकते.

कोरियन युद्धात जखमींना हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या बाजूला लावलेल्या स्ट्रेचरवर बांधून नेत असत. वाटेत त्यांच्यावर उपचार करणे शक्यच नव्हते. व्हिएतनाम युद्धात मोठी हेलिकॉप्टरे आली, रुग्ण आत आला आणि त्याच्याशेजारी बसून काम करणारा माणूसही आला. १९७२ मध्ये डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने ‘फ्लाइट फॉर लाइफ’ ही सेवा सुरू केली. अमेरिकेतील रुग्णालयाने चालवलेली ही पहिली नागरी हेलिकॉप्टर सेवा. अमेरिकन हवाई दलाने १९९० च्या दशकात डॉक्टर, परिचारिका आणि श्वसनतंत्रज्ञ अशी तिघांची अतिदक्षता पथके उभी केली. ती मालवाहू विमानाच्या पोटातच अतिदक्षता विभाग थाटतात. व्हेंटिलेटर, हृदयाला आधार देणारे पंप, एकाच वेळी चालणारी पाच-सहा औषधे हे सगळे विमानात चढले, तेव्हा हे काम करणाऱ्याला ते खरोखर येते का, हे तपासणे भाग पडले.

सीएफआरएनमध्ये तीन तासांत १७५ प्रश्न सोडवायचे असतात, पण गुण १५० प्रश्नांनाच असतात. एफपी-सीमध्ये अडीच तासांत १३५ प्रश्न असतात, त्यांतले ११० गुणांचे. उरलेले पंचवीस पुढच्या परीक्षांसाठी पारखले जाणारे प्रश्न. ते इतर प्रश्नांत मिसळलेले असतात आणि ओळखता येत नाहीत. म्हणून एखादा विचित्र प्रश्न आला की तो नक्की बिनगुणांचाच असेल असे मानून सोडून देऊ नये, आणि त्यापायी धीरही सोडू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही.

या परीक्षांना बसणारे बहुतेकजण अतिदक्षता विभागात किंवा रुग्णवाहिकेवर मुरलेले असतात. हृदयविकार, अपघात, मेंदूतील रक्तस्राव, भाजणे, विषबाधा, प्रसूती, नवजात बाळ हे विषय त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. तरीही अनेकांना परीक्षा जड जाते, कारण ओळखीचा रुग्ण तिथे हवेचा दाब कमी असलेल्या जागी भेटतो. तयारीची मेख इथे आहे. आधी दाबाचे नियम पक्के करावेत आणि मग प्रत्येक आजार त्या नियमांच्या उजेडात पुन्हा वाचावा. हा क्रम उलटा झाला की वायुनियम हे वेगळ्या वहीतले पाठांतर होऊन बसते आणि ऐन वेळी आठवत नाही.

समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. १८,००० फुटांवर तो निम्मा, म्हणजे ३८० उरतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मात्र दोन्हीकडे २१ टक्केच असते. उंचीवर ऑक्सिजनची टक्केवारी घटते असे समजणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. घटतो तो त्याचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा. डाल्टनचा नियम तो हाच. प्रवासी जेटच्या केबिनमध्ये जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळता असते, म्हणजे सुमारे ५६५ मिलिमीटर दाब. श्वासमार्गातल्या बाष्पाचे ४७ मिलिमीटर वजा करून २१ टक्के काढले, तर जमिनीवर ऑक्सिजनचा दाब सुमारे १५० येतो आणि त्या केबिनमध्ये १०९. फुफ्फुसाच्या वायुकोशात पोहोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइडमुळे त्यातले आणखी पन्नासेक कमी होतात. निरोगी माणूस थोडा जोरात श्वास घेऊन हे निभावतो. ज्याचे फुफ्फुस आधीच पाण्याने किंवा पुवाने भरले आहे, तो मात्र ऑक्सिजन-हिमोग्लोबिन आलेखाच्या (ऑक्सिजनचा किती दाब असताना रक्त किती ऑक्सिजन धरते, हे दाखवणाऱ्या वक्राच्या) उतारावर येऊन उभा असतो. हा उतार साधारण ६० मिलिमीटरच्या खाली सुरू होतो. तिथून पुढे दाब थोडा जरी घसरला तरी रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने कोसळतो.

यावरचे गणित तोंडी येईपर्यंत घोटावे. जमिनीवर रुग्णाला जितका ऑक्सिजन लागतो त्याला जमिनीवरच्या दाबाने गुणायचे आणि केबिनच्या दाबाने भागायचे. चाळीस टक्के ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला ८,००० फुटांवर सुमारे ५४ टक्के लागेल, साठ टक्क्यांवर असलेल्याला ८१ टक्के. ऐंशी टक्क्यांवर असलेल्याचे उत्तर येते १०८ टक्के, आणि असा ऑक्सिजन जगात नाही. परीक्षेला नेमके हेच हवे असते. आकडा काढता आला, पण त्याचा अर्थ कळला का? त्याचा अर्थ असा की या रुग्णाला त्या उंचीवर नेण्यापूर्वी काहीतरी बदलले पाहिजे. व्हेंटिलेटरवर श्वास सोडल्यानंतर उरणारा दाब, म्हणजे पीप, वाढवता येतो. किंवा केबिनचा दाब समुद्रसपाटीच्या जवळ ठेवण्याची विनंती पायलटला करता येते. त्यासाठी विमान खालून उडवावे लागते आणि इंधन जास्त जळते, म्हणून ही विनंती उड्डाणापूर्वीच झालेली बरी.

दुसरा नियम बॉइलचा : दाब घटला की वायूचे आकारमान वाढते. ८,००० फुटांवर अडकलेली हवा सुमारे एकतृतीयांशाने फुगते. अभ्यास करताना रुग्णाच्या शरीरात आणि त्याला लावलेल्या सामानात हवा कुठे कुठे अडकली आहे, हे बोटावर मोजावे. फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा उड्डाणापूर्वी नळी घालून काढलेली असली पाहिजे. जठरात नळी घालून ते रिकामे ठेवावे. श्वासनलिकेतील नळीचा फुगा फुगून श्वासनलिकेच्या अस्तराला दाबतो, म्हणून त्याचा दाब चढताना आणि उतरताना मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या पट्ट्यात ठेवावा. हवेने फुगवलेली पट्टी मोडलेल्या पायाचा रक्तपुरवठा तोडू शकते. कवटीत शिरलेली हवा आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सोडलेला वायूचा बुडबुडा यांचा तर वेगळाच धाक असतो. कानाची गंमत अशी की मधल्या कानातली हवा चढताना सहज बाहेर पडते, उतरताना मात्र सहज आत शिरत नाही. म्हणून झोपलेल्या रुग्णाला उतरण्याआधी जागे करायचे आणि बाळाला चोखायला काहीतरी द्यायचे. दातात अडकलेली हवा उलट चढताना दुखवते. ‘उतरताना कान, चढताना दात’ एवढे लक्षात ठेवले की पुरते.

हेलिकॉप्टर जमिनीपासून हजार-दोन हजार फुटांवरूनच उडते, मग हे सगळे कशाला, असे अनेकांना वाटते. पण दाब सर्वांत वेगाने घटतो तो खालच्याच थरांत. पहिल्या दहा हजार फुटांत तो सुमारे २३७ मिलिमीटरने उतरतो. पुढच्या आठ हजारांत फक्त १४३ ने. शिवाय जिथून उड्डाण केले ती जागाच डोंगरात असेल, तर जमिनीपासूनच्या उंचीला काही अर्थ राहत नाही.

दाब जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो, हा हेन्रीचा नियम पाणबुड्यांच्या प्रश्नात भेटतो. खोल पाण्यातून वर आलेल्या आणि सांधे दुखणाऱ्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झालेले असतात. त्याला उंचावर नेले की ते वाढतात, म्हणून जमेल तितके खालून किंवा समुद्रसपाटीचा दाब राखून उडायचे. वायूचे तापमान आणि पसरणे यांविषयीच्या चार्ल्स, गे-लुसॅक आणि ग्रॅहॅम यांच्या नियमांना एक संध्याकाळ पुरते. ऑक्सिजन कमी पडण्याचे चार प्रकार मात्र उदाहरणांसह पाठ असावेत : उंचीमुळे पुरेसा न मिळणे, रक्तक्षय किंवा कार्बन मोनॉक्साइडमुळे वाहून न नेला जाणे, शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळल्यावर) रक्त साचून राहणे, आणि सायनाइडमुळे पेशीला तो वापरता न येणे. केबिनचा दाब गेला तर शुद्धीत राहून काम करता येईल असा वेळ किती, हेही माहीत हवे. २५,००० फुटांवर तो तीन ते पाच मिनिटे, ३५,००० वर अर्धे ते एक मिनिट. आधी स्वतःचा मास्क का लावायचा, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

सिलिंडर किती वेळ पुरेल, हे गणित हाताने करण्याची सवय लावावी. गेजवरच्या दाबातून २०० पीएसआय राखीव म्हणून वजा करायचे, उरलेल्याला सिलिंडरच्या गुणकाने गुणायचे आणि दर मिनिटाच्या लिटरांनी भागायचे. ‘ई’ आकाराच्या सिलिंडरचा गुणक ०.२८. त्यात २,००० पीएसआय असतील आणि दहा लिटरने ऑक्सिजन चालू असेल, तर पन्नास मिनिटे मिळतात. चाळीस मिनिटांच्या प्रवासाला हे पुरेल असे वाटते, पण रुग्णालयाच्या दारापासून हेलिपॅडपर्यंतची आणि उतरल्यावर आतपर्यंतची मिनिटे त्यात धरलेलीच नसतात.

व्हेंटिलेटरच्या प्रश्नांत फुफ्फुस जपण्याचा विचार मध्यवर्ती आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, एआरडीएसच्या (फुफ्फुसे सुजून श्वसन निकामी होण्याच्या गंभीर आजाराच्या) रुग्णांना दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. हे किलो उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे असतात. रुग्णाचे खरे वजन धरणे ही फार जुनी आणि फार सर्रास होणारी चूक. प्लॅटो दाब, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबल्यावर फुफ्फुसात असणारा दाब, ३० सेंटिमीटर पाण्याच्या खाली ठेवायचा. दम्याच्या रुग्णात मात्र श्वास बाहेर पडायला वेळ देणे महत्त्वाचे, मग कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तरी चालतो.

रक्ताभिसरणाच्या मोजमापांसाठी सामान्य आकड्यांचा एक तक्ता स्वतःच्या हाताने लिहावा आणि त्यावरून शॉकचे प्रकार ओळखायचा सराव करावा. हृदय थकलेल्या शॉकमध्ये फुफ्फुसातील वेज दाब (हृदयाच्या डाव्या बाजूतल्या दाबाचा अंदाज देणारे मोजमाप) चढतो आणि हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटते. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये रक्तवाहिन्यांचा प्रतिरोधच कोसळतो. थकलेल्या हृदयाला आधार देण्यासाठी महाधमनीत ठेवलेल्या फुग्याच्या पंपाचे आलेख तर काढूनच शिकावेत. फुगा हृदय शिथिल झाल्यावर फुगतो आणि आकुंचनाच्या जरा आधी रिकामा होतो. तो लवकर फुगला किंवा उशिरा रिकामा झाला, तर थकलेल्या हृदयाला बंद दारावर रक्त ढकलावे लागते. लवकर वा उशिरा फुगणे आणि लवकर वा उशिरा रिकामे होणे या चार चुकांपैकी या दोन सर्वांत घातक. पंप बंद पडला तर फुगा तीस मिनिटांहून जास्त वेळ निश्चल राहता कामा नये, नाहीतर त्यावर गुठळी धरते. काही सूत्रे सरळ पाठच करावी लागतात. भाजलेल्या रुग्णाच्या द्रवांसाठीचे पार्कलंड सूत्र त्यांतले एक : ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेल्या कातडीची टक्केवारी, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासूनचे असतात, पथक पोहोचल्यापासूनचे नव्हे.

सुरक्षेचा भाग उमेदवार शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. हे दुर्दैव आहे. वैद्यकीय हेलिकॉप्टरांच्या अपघातांत २००८ हे वर्ष अमेरिकेत अतिशय वाईट गेले. त्यावर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००९ मध्ये जाहीर सुनावणी घेतली आणि २०१४ मध्ये केंद्रीय विमान प्रशासनाने नवे नियम आणले. प्रश्नपत्रिकेतल्या या विषयामागे माणसे गेलेली आहेत. उड्डाण करायचे की नाही हे पायलटने हवामान पाहून ठरवायचे, आणि ते ठरवताना रुग्ण किती अत्यवस्थ आहे हे त्याला सांगायचे नाही, म्हणजे दयेपोटी चुकीचा निर्णय होत नाही. पायलट, परिचारिका आणि पॅरामेडिक या तिघांपैकी एकानेही नको म्हटले तर उड्डाण होत नाही. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी कामाखेरीज बोलायचे नाही. हेलिकॉप्टरकडे पायलटच्या नजरेसमोरून जायचे, शेपटीच्या पंख्याच्या बाजूने कधीच नाही. अपघात झाला आणि पायलट काही करू शकत नसेल, तर थ्रॉटल, इंधन आणि बॅटरी या क्रमाने बंद करायचे आणि पंखे पूर्ण थांबल्यावर बाहेर पडून नाकासमोरच्या दिशेला एकत्र जमायचे. आपत्कालीन संदेशयंत्राचा उपग्रहांनी ऐकला जाणारा संकेत ४०६ मेगाहर्ट्झवर असतो, जुन्या १२१.५ वर उपग्रह २००९ पासून लक्ष ठेवत नाहीत.

अभ्यासाची सुरुवात परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच दिलेल्या विषयवारीपासून करावी. कोणत्या विषयावर किती प्रश्न, हे त्यात दिलेले असते आणि वेळ त्याच प्रमाणात वाटता येतो. सराव प्रश्न सोडवताना किती बरोबर आले हे मोजण्यापेक्षा चुकलेल्या प्रत्येक उत्तराचे कारण लिहून ठेवणे जास्त उपयोगी पडते : माहिती नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की दोन बरोबर पर्यायांतला ‘आधी’ करायचा कोणता हे चुकले. अनुभवी उमेदवारांच्या चुका बहुधा तिसऱ्या प्रकारच्या असतात. ते आपल्या सेवेत जसे करतात तसे उत्तर देतात. परीक्षा मात्र सर्वमान्य मार्गदर्शक तत्त्वांना धरून असते. नवजात बाळ आणि गर्भवती यांचे रुग्ण रोजच्या कामात कमी भेटतात, म्हणून त्या प्रकरणांना मुद्दाम जास्त वेळ द्यावा. झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम चालू असताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया का तपासायची आणि ती गेली तर कॅल्शियम का द्यायचे, असे प्रश्न कार्यकारण समजले की आपोआप सुटतात.

चार वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. सीएफआरएनसाठी शंभर तासांचे निरंतर शिक्षण दाखवता येते, किंवा पुन्हा परीक्षेला बसता येते.