जुना एसी थंड करेनासा झाला, तर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आठ-दहा वर्षे वापरात असलेल्या एसीबद्दलची तक्रार आमच्याकडे बहुधा एकाच वाक्यात येते: "गॅस संपला आहे, भरून द्या." निदान ग्राहकाने आधीच केलेले असते आणि अनेकदा तेच मान्य करून गॅस भरलाही जातो. आमचा आग्रह असा, की गॅसचा विचार सर्वांत शेवटी व्हावा. आधी हवा, मग पाणी, मग वीज आणि त्यानंतर गॅस, या क्रमाने तपासणी केली तर जुन्या यंत्रातील पुष्कळ दोष गॅसच्या नळीला हातही न लावता दूर होतात.

एसीतील गॅस इंधनासारखा जळत नाही आणि वापराने खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, खोलीतील उष्णता शोषून द्रवाचा वायू होतो, आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ती उष्णता सोडून वायूचा पुन्हा द्रव होतो. नळ्या आणि जोड शाबूत असतील तर पंधरा वर्षांनीही गॅस जवळजवळ तेवढाच असतो. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार आहे. दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरावाच लागतो, हा समज कृपया सोडून द्यावा.

हवा कुठे अडते आहे?

थंडावा कमी होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे अडलेली हवा. आतल्या युनिटची जाळी धुळीने भरली की कॉइलवरून जाणारी हवा घटते, कॉइलला खोलीतील उष्णता पुरेशी मिळत नाही, तिचे तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली उतरते आणि तिच्यावर जमणाऱ्या पाण्याचा बर्फ होतो. त्या बर्फाने उरलेली हवाही अडते. बर्फ दिसल्यास तो टोकदार वस्तूने खरवडू नये, कारण कॉइलच्या नळीची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. कूलिंग बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा. साधारण दोन-तीन तासांत बर्फ वितळतो. त्यानंतर जाळी साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. वापराच्या दिवसांत हे काम दर दोन आठवड्यांनी व्हायला हवे.

जाळी स्वच्छ असूनही हवा मंद येत असेल, तर टॉर्च घेऊन हवा बाहेर पडण्याच्या फटीतून आतला दंडगोल ब्लोअर पाहावा. जाळीतून निसटलेली बारीक धूळ ओलसर पात्यांना चिकटत जाते, पात्यांची वळणे बुजतात आणि ब्लोअर पूर्ण वेगाने फिरूनही हवा ढकलत नाही. वरवरच्या सर्व्हिसिंगमध्ये हा भाग हमखास राहून जातो. जुन्या एसीच्या सर्व्हिसिंगमध्ये ब्लोअर नीट साफ झाला की नाही, हे ग्राहकाने स्वतः पाहावे, असे आम्ही मुद्दाम सुचवतो.

बाहेरच्या युनिटची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कॉइलवर धूळ साचली किंवा त्याच्यासमोर सामान रचले गेले, की उष्णता बाहेर टाकली जात नाही, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) जास्त वीज ओढतो आणि तापून त्याचे संरक्षक उपकरण त्याला बंद करते. एसी दुपारी बंद पडतो पण रात्री व्यवस्थित चालतो, असे दिसत असेल तर आमचा पहिला संशय येथेच जातो. ही कॉइल धुताना पाण्याचा दाब बेताचा असावा. जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची अरुंद होते.

एवढे झाल्यावर एक सोपी चाचणी घ्यावी. दारे-खिडक्या बंद करून रिमोटवर कूल मोड, सर्वांत कमी तापमान आणि पंख्याचा पूर्ण वेग ठेवावा. वीस मिनिटांनी साध्या तापमापकाने आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोन्हींत ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर एसी आपले काम करतो आहे. तरीही खोली थंड होत नसेल तर यंत्राची क्षमता खोलीला अपुरी आहे किंवा बाहेरची उष्णता आत येते आहे. हवा फार दमट असेल तर हा फरक थोडा कमी भरतो, कारण यंत्राची काही शक्ती हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात जाते.

पाणी

आतल्या युनिटमधून पाणी ठिबकणे म्हणजे बहुतेक वेळा निचऱ्याच्या नळीत शेवाळ आणि धुळीचा बुळबुळीत थर साचणे, किंवा नळीचा उतार बिघडणे. कॉइलवर बर्फ होऊन तो वितळल्यानेही पाणी सांडते. त्यामुळे नळी साफ करूनही ठिबकणे थांबले नाही, तर वर सांगितलेली हवेची तपासणी पुन्हा करावी.

वीज: येथे स्वतः हात घालू नये

एमसीबी (दोष येताच वीज आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो पुनःपुन्हा चढवू नये. चढवताक्षणी पडला तर शॉर्ट सर्किट किंवा कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमधील (मोटरच्या तारेच्या गुंडाळीतील) दोषाची शक्यता असते; दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर जास्त भार किंवा सैल जोड. प्लग गरम लागणे, काळवंडणे किंवा जळका वास येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास मुख्य पुरवठा बंद करून आम्हाला कळवावे.

इन्व्हर्टर नसलेल्या, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या, जुन्या एसीत बाहेरचे युनिट काही सेकंद गुणगुणते, कॉम्प्रेसर मात्र सुरू होत नाही आणि थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज येऊन सारे शांत होते. हे दुबळ्या झालेल्या कॅपॅसिटरचे (कॉम्प्रेसरला सुरू होण्यास मदत करणाऱ्या विद्युत भागाचे) नेहमीचे लक्षण आहे. भाग लहान असतो आणि लवकर बदलता येतो, मात्र त्याच्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा लावावा लागतो आणि त्याची व्होल्टेज क्षमता मूळच्यापेक्षा कमी चालत नाही. कॉम्प्रेसर गेला, असे कोणी सांगितल्यास कॅपॅसिटर मोजून पाहिला का, वाइंडिंग तपासले का, हे अवश्य विचारावे. पुरवठा बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये, तसेच इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर), धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून युनिटचे झाकण ग्राहकांनी उघडू नये. वीज जाऊन आल्यावर एसी लगेच सुरू न करता तीन मिनिटे थांबावे, म्हणजे नळ्यांतील दाब समान होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही.

गॅस: खरोखरच कमी असेल तेव्हा

बाहेरच्या युनिटच्या बारीक नळीच्या व्हॉल्ववर बर्फ, जाड नळी मात्र कोरडी आणि कोमट, असे दिसले आणि हवेचा मार्ग मोकळा असल्याची खात्री झाली, की गॅस कमी असल्याचा संशय योग्य ठरतो. तांब्याच्या नळ्या युनिटला जोडणाऱ्या फ्लेअर नटाच्या जोडांभोवती तेलकट डाग दिसले तर गळती तेथेच असण्याची शक्यता मोठी, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही पाझरते.

दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, नळ्यांत कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधावी, ती बंद करून दाब टिकतो का हे पाहावे, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावी आणि युनिटवरील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरावा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. व्हॅक्यूम न करता भरलेल्या गॅसबरोबर आत राहिलेली ओल पुढे आम्ल तयार करून कॉम्प्रेसरची वाइंडिंग खाते. या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ ग्राहकांनी आम्हाला द्यावा.

आर-२२, आर-४१०ए आणि आर-३२ हे गॅस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आर-४१०एचा दाब आर-२२च्या सुमारे दीडपट असतो, तर आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे. ओझोनच्या थराला हानिकारक असलेला आर-२२ माँट्रिअल करारानुसार, दुरुस्तीसाठीचा अल्प वाटा वगळता, विकसित देशांत २०२० पासून बंद झाला असून विकसनशील देशांसाठी २०३० ही मुदत आहे. त्यामुळे आर-२२ वर चालणारा एसी गळू लागला, की त्याच्या भवितव्याचा विचार करावा लागतो.

दुरुस्ती की नवा एसी?

कॅपॅसिटर, सेन्सर, पंख्याची मोटर, निचऱ्याची नळी किंवा एखादा सैल जोड, एवढाच दोष असेल तर यंत्र कितीही जुने असो, आम्ही दुरुस्तीच सुचवतो. आतल्या कॉइलला अनेक ठिकाणी सूक्ष्म छिद्रे पडली असतील तर एक जोडून दुसरे उघडते. तेथे कॉइल बदलणे हाच उपाय आहे आणि ती मिळत नसेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो. कॉम्प्रेसर आतून जळला असेल तर जळलेले तेल आणि आम्ल सगळ्या नळ्यांत पसरलेले असते. नळ्या धुतल्याशिवाय आणि फिल्टर ड्रायर (गॅसमधील ओल आणि कचरा टिपणारा भाग) बदलल्याशिवाय बसवलेला नवा कॉम्प्रेसरही लवकरच जळतो. जुन्या यंत्रात कॉइल आणि कॉम्प्रेसर दोन्ही गेले असतील, तर आम्ही दुरुस्तीचे काम घेत नाही.

तक्रार नोंदवताना बाहेरच्या युनिटवरील पट्टीचे छायाचित्र, डिस्प्लेवर एरर कोड येत असल्यास तो, वर सांगितलेल्या चाचणीतील दोन्ही तापमाने आणि यापूर्वी गॅस केव्हा भरला होता ही माहिती तयार ठेवावी. तंत्रज्ञाने घेतलेली मोजमापे जॉब कार्डावर लिहून मिळतील आणि बदललेला प्रत्येक जुना भाग आपल्याला दाखवला जाईल.