गर्भपातानंतरचा रक्तस्राव

गर्भ पडून गेल्यावर गर्भाशय आकसू लागते, आणि आतले अस्तर व साचलेले रक्त योनीवाटे बाहेर पडते. गर्भपात आपोआप झालेला असो, गोळ्यांनी केलेला असो की पिशवी साफ करून, हा स्राव होतोच. गोव्यातल्या मराठी घरांत 'अंगावरून जातंय' एवढेच दबक्या आवाजात सांगितले जाते. किती जाते आणि किती दिवस, हे कोणी विचारत नाही, आणि बाई दुखणे अंगावर काढते. खरे तर सगळे निदान या दोन प्रश्नांवरच उभे असते.

गोळ्यांच्या पद्धतीत आधी मिफेप्रिस्टोन आणि २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल देतात. दुसऱ्या औषधानंतर काही तासांतच ओटीपोटात कळा येतात, पाळीपेक्षा पुष्कळ जास्त रक्त जाते, गाठीही पडतात. त्याच दिवशी थंडी वाजणे, थोडा ताप, जुलाब हे औषधाचेच परिणाम असतात. गर्भ पडून गेला की जोर ओसरतो. पुढे पाळीसारखा आणि मग नुसता डागापुरता स्राव साधारण दोन आठवडे चालतो. काहींना मधेमधे महिनाभर दिसत राहतो. दोन दिवस थांबून पुन्हा सुरू झाला तर तेवढ्याने घाबरायचे कारण नाही. यंत्राने ओढून पिशवी रिकामी केली असेल, तर रक्त बहुधा कमी जाते. दुखण्यावर आयबुप्रोफेन चालते. ॲस्पिरिन टाळतात, कारण त्याने रक्त गोठायला वेळ लागतो.

धोक्याची खूण घड्याळ लावून ओळखता येते. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतात आणि सलग दोन तास तसेच चालते, तर सकाळची वाट पाहू नये. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अंग गार पडणे ही रक्त फार गेल्याची लक्षणे. मिसोप्रोस्टॉल घेऊन एक दिवस उलटला तरी ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप असेल किंवा स्रावाला दुर्गंधी असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. उलट, गोळ्या घेऊनही रक्त जवळजवळ गेलेच नाही आणि पोटाच्या एका बाजूला किंवा खांद्यात दुखते, तर गर्भ नळीत असू शकतो. हा प्रकार जिवावर बेततो. वाळपईच्या पलीकडच्या गावांतून बांबोळीचे मोठे रुग्णालय लांब पडते, त्यात पावसाळ्यातली रात्र असली तर आणखीच. म्हणून १०८ ला वेळीच फोन करावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच म्हापसा व मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत.

तिथे गेल्यावर गोळ्या घेतल्याचे लपवू नये. उपचार त्यामुळे लवकर ठरतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर तिचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या सवलतीत अविवाहित स्त्रियांनाही धरले.

शरीर भरून यायला फार सोपस्कार लागत नाहीत. झेपेल तसे काम, झेपेल तशी विश्रांती. 'घाण रक्त' साठून राहील म्हणून कडक पथ्य पाळणे, मासळी तोडणे याला आधार नाही. गेलेले रक्त लोहाने भरून निघते. पेज आणि नाचणीचे तिजान पोटाला हलके पडतात, पण लोहासाठी तिसऱ्या-खुब्यांसारखी शिंपली, तांबडी भाजी, कडधान्ये हवीत, सोबत लिंबू. आधीच पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी, असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरच्या गर्भपातात छातीत दूध उतरू शकते, आणि त्याची कल्पना आधी न दिल्याने बाई हादरून जाते. हे सांगणे डॉक्टर-नर्सचे काम आहे.

लघवीची गर्भचाचणी चार आठवड्यांपर्यंत होकारार्थी येऊ शकते, कारण संप्रेरक रक्तातून हळूहळू उतरते. बीज मात्र आठ-दहा दिवसांतही सुटू शकते, म्हणजे पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. गर्भनिरोधक गोळ्या लगेच सुरू करता येतात. यंत्राने पिशवी रिकामी केली असेल आणि संसर्ग नसेल, तर तांबीही (कॉपर-टी) त्याच वेळी बसवतात. पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते, पहिली थोडी जास्तही जाते. आठ आठवडे उलटूनही आली नाही तर तपासून घ्यावे.